वर्गाच्या दाराबाहेरचा तास : पहिली ते चौथीच्या मुलांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली १८ वर्षं मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. त्यातली बहुतेक वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गावर गेली. मुलांना आठवड्यातून निदान तीनदा वर्गाबाहेर नेऊन शिकवायचं आणि रोज मनसोक्त खेळू द्यायचं, हे मी ठरवून करते. दरवर्षी जूनमधल्या पहिल्या पालकसभेत त्यावर तेच ते प्रश्न येतात. शिक्षण परिषदेत भेटणारे सहकारीही साधारण तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

वर्गाबाहेर शिकणं म्हणजे सहल का?

नाही. सहल वर्षातून एकदा निघते, तिला बस लागते, पैसे लागतात, परवानग्या लागतात. मी म्हणते ते शाळेच्या दारापासून शंभर पावलांच्या आत होतं. तेच झाड, तोच नळ, तीच कुंपणाची भिंत. लहान मुलांना नवी जागा दाखवली की ती जागेनंच भांबावतात आणि बघायचं ते राहून जातं. ओळखीच्या जागी मात्र कालच्यापेक्षा आज काय बदललंय हे त्यांना बरोबर कळतं. आमच्या शाळेमागच्या उंबराला वर्षाकाठी किती वेळा फळं धरतात हे मला मुलांनी सांगितलं. मी त्या झाडाखाली कितीतरी वर्षं डबा खात होते, पण मोजलं नव्हतं.

एवढा वेळ बाहेर गेला तर अभ्यास मागे पडणार नाही का?

पालकसभेत सगळ्यांत आधी येणारा प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे. आधी हिशोब सांगते. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचं असतं. आठवड्यातून तीन वेळा अर्धा अर्धा तास बाहेर गेलं तर वर्षाकाठी ५० तासांच्या आसपास होतात. आणि हे ५० तास अभ्यासातून वजा होत नाहीत, कारण बाहेर जाऊन आम्ही अभ्यासच करतो.

एक दिवस जसा झाला तसा सांगते. दुसरीला लांबी मोजणं शिकवायचं होतं. झेंड्याच्या कट्ट्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत किती पावलं, एवढंच विचारलं. वर्गातल्या सगळ्यांत उंच मुलाची ३८ भरली, सगळ्यांत लहानखुऱ्या मुलीची ५४. दोघांचं कडाक्याचं भांडण. ‘तू चुकीचं मोजलंस’, ‘तूच उड्या मारत गेलास’. दोघांनी पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. मी काही बोलले नाही. मग एकानं सुचवलं, ‘बाईंची पावलं घेऊ या, मग कुणाचं भांडण नको.’ ते सगळ्यांना पटलं. तेवढ्यात ती लहानखुरी मुलगी म्हणाली, ‘पण बाई घरी गेल्यावर काय करायचं?’ जरा वेळ सगळे गप्प. मग तीच कुंपणाकडे गेली आणि एक काठी घेऊन आली. ‘ही ठेवू या. ही घरी जात नाही.’ त्यानंतर मी कपाटातली मीटरपट्टी काढली. मीटर का लागतो हे मला फळ्यावर लिहून सांगावं लागलं नाही. अख्ख्या गोष्टीला ४० मिनिटं गेली. वर्गात बसून हाच पाठ मी पूर्वी तीन तासिका शिकवायची, आणि तरी परीक्षेत मुलं सेंटीमीटर आणि मीटरची गल्लत करायची.

ही कल्पना परदेशातून आलेली आहे का?

असं वाटणाऱ्यांना मी कोसबाडबद्दल सांगते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ तिथे त्यांच्यासोबत होत्या. पुढे काम आजच्या पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शाळेत यायला पोरं तयार नाहीत म्हणून शाळा पाड्यावरच्या अंगणात भरवली. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी कागदावर असतो, पण मुळात ते खरोखरचं अंगण होतं. थोडी मोठी मुलं गुरं चारायला रानात जायची, तर शिक्षक त्यांच्यामागे कुरणात गेले. तीच कुरणशाळा. खडे, पानं, बिया, काड्या हेच शिक्षणाचं साहित्य. तिकडे बंगालमध्ये रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात झाडाखाली वर्ग भरवायला सुरुवात केली, ती पद्धत आजही आहे.

ताराबाईंकडे निधी नव्हता, इमारत नव्हती, मुलंसुद्धा नव्हती. ती शोधायला त्या गेल्या. मला मैदान आणि मुलं दोन्ही आयती मिळतात, हे मी विसरत नाही.

बाहेर गणित आणि भाषा नेमकी कशी घेता?

खेळातूनच. ‘डोंगर-पाणी’ सगळ्यांना येतो. मी नुसता आकडा पुकारते: सम असेल तर डोंगरावर, विषम असेल तर पाण्यात. पहिलीला साधे आकडे, तिसरीला ‘सात अधिक सहा’, चौथीला ‘नऊ चोक’. चुकलेलं मूल बाद होत नाही, ते पुढचा आकडा पुकारतं. त्यामुळे ज्याला येत नाही त्याच्याच डोक्याला जास्त चालना मिळते.

दशक-एकक शिकवायला चिंचोके लागतात. उन्हाळ्यात मुलं घरून पिशव्या भरून आणतात. दहाची एक ढिगली, दहा ढिगल्यांची एक ओळ. फरशीवर ओतले की शंभर म्हणजे केवढे, हे दिसतं. ठिक्करच्या चौकटींमध्ये आकड्यांऐवजी जोडाक्षरं लिहायची आणि लंगडी घालत ज्या घरात पाय पडेल त्या अक्षराचा शब्द सांगायचा. पाऊस पडून गेल्यावर ओल्या मातीवर काडीनं लिहायला पहिलीच्या मुलांना फार आवडतं. पाटीवर अक्षर बिघडलं की पुसताना चेहरा पडतो. मातीवर पायानं सारवलं की झालं, कुणाला त्याचं काही वाटत नाही. हात मोकळा व्हायला याच्याइतकं सोपं साधन मला दुसरं सापडलेलं नाही.

परिसर अभ्यासात मुलांना बघण्यासारखं शाळेत असतं तरी काय?

कढीपत्त्याचं किंवा लिंबाचं एखादं झुडूप असलं तरी वर्ष निघतं. पाऊस सुरू झाला की कोवळ्या पानांवर बारीक, गोल, फिकट पिवळसर अंडी दिसू लागतात. ती काळ्या रंगाच्या फुलपाखराची, कॉमन मॉरमॉनची. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते, आणि ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. काळपट, मध्ये पांढरा पट्टा. मुलं आधी ‘शी’ म्हणतात. मग त्यातलं एखादं म्हणतं, ‘बाई, ही शी चालतेय.’ कात टाकत टाकत ती मोठी होते आणि शेवटी एकदम हिरवीगार होते, पाठीवर डोळ्यांसारखे ठिपके. तिला काडीनं हळूच डिवचलं की डोक्यामागून लाल, दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. शिंग बघायला सगळे पुढे येतात आणि वास आला की सगळे मागे पळतात. मात्र एका अळीला दिवसातून एकदाच डिवचायचं, हा आमचा नियम आहे, आणि तो मुलांनीच केला आहे.

साधारण महिनाभरात अंड्यापासून फुलपाखरू होतं. चौथीतली मुलं कोषाची तारीख वहीत लिहून ठेवतात आणि रोज सकाळी प्रार्थनेआधी बघून येतात. एकदा पंख ओले असलेलं फुलपाखरू नुकतंच कोषातून निघालेलं सापडलं. त्या दिवशी पहिली तासिका तिथेच झाली. २३ मुलं अर्धा तास एक शब्द न बोलता उभी होती. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन हे याच्याच कुळातलं आणि लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढणारं, हे मग पुस्तकात वाचायला मुलांना गोडी वाटते.

दुसरी गोष्ट सावलीची. मोकळ्या जागी सरळ काठी रोवायची आणि दर तासाला सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा. चौथीच्या मुलांचा ठाम समज असतो की बाराच्या ठोक्याला सावली सगळ्यांत लहान. खडे मात्र वेगळंच सांगतात: आमच्याकडे ती साडेबाराच्या पुढे सगळ्यांत लहान होते. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरून ठरते आणि महाराष्ट्र त्याच्या पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्याकडे उशिरा डोक्यावर येतो. मुंबईत सुमारे ४० मिनिटं उशिरा, नागपुरात बराच कमी. जूनमध्ये आभाळ मोकळं असेल त्या दिवशी आणखी एक गंमत दिसते. भरदुपारची सावली दक्षिणेकडे पडते. डिसेंबरात हाच प्रयोग केला की ती उत्तरेला. दोन्ही वेळचे खडे रंगवून ठेवले तर मुलं ते वर्षभर विसरत नाहीत.

पावसाळ्यात पर्जन्यमापक. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा. बाटलीचा तळ वाकडातिकडा असतो, म्हणून आधी सरळ भागापर्यंत पाणी भरायचं आणि शून्य तिथे मांडायचं. हे राहिलं तर सगळे आकडे चुकतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आमच्या वर्गाचं छप्पर ६० चौरस मीटर आहे. १० मिलिमीटर पाऊस झाला की छपरावरून ६०० लिटर पाणी वाहून गेलं. हा गुणाकार करून एका मुलानं घरी जाऊन वडलांना पन्हाळी बसवायला सांगितलं, आणि त्यांनी ती बसवली.

आमच्या शाळेला मैदानच नाही. आम्ही काय करायचं?

मुंबई-ठाण्याच्या शिक्षिका हे विचारतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण कायद्यात मैदान सांगितलेलं असूनही शेकडो मुलं एका जिन्यावर सुट्टी काढतात. तरीही काही होतं. गच्चीवर सावली मोजता येते, कुंडीत मेथी लावता येते. भिंतीच्या भेगेतून उगवलेलं पिंपळाचं रोपटं मुंबईतल्या प्रत्येक इमारतीवर असतं. माती नाही, कुणी पाणी घालत नाही, तरी ते कसं जगतं, यावर तिसरीचा वर्ग आठवडाभर बोलू शकतो. जवळच्या बागेत आठवड्यातून एकदा जाण्याची व्यवस्था मुख्याध्यापकांनी मनावर घेतली तर होते. धारावी-माहीमजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान तर पूर्वी कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होतं. तिथे मुलांना नेलं तर झाडं दाखवण्याआधी हे सांगा. कचऱ्यावर जंगल उभं राहिलंय हे कळल्यावर ती पायाखालची जमीन वेगळ्या नजरेनं बघतात.

रोज किती वेळ खेळलं पाहिजे?

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटं दम लागेल असं खेळणं-पळणं सांगते. हे सलग नसलं तरी चालतं. डोळ्यांचा मुद्दाही मी पालकांना आवर्जून सांगते. तैवानमध्ये लहान मुलांना चष्मे फार लागू लागले, तेव्हा २०१० पासून शाळांनी मुलांना दिवसाकाठी दोन तास बाहेरच्या उजेडात ठेवायचं धोरण घेतलं, आणि दृष्टी अधू होणाऱ्या मुलांचं वाढतं प्रमाण उलटं फिरलं. घरातल्या दिव्याचा उजेड आणि ढगाळ दिवसाचासुद्धा बाहेरचा उजेड यांत कितीतरी पटींचा फरक असतो. ‘पोरगं सारखं मोबाइलला चिकटतं’ म्हणणाऱ्या आईला मी मोबाइल हिसकावून घ्या असं सांगत नाही. संध्याकाळी सहापर्यंत त्याला खाली पाठवा, एवढंच सांगते.

या वयाला कोणते खेळ चांगले?

पहिली-दुसरीला पळापळीचे आणि बसक्या गोंधळाचे: विषामृत, साखळी, मामाचं पत्र हरवलं, शिवाजी म्हणतो, आंधळी कोशिंबीर. लंगडी तर हवीच. एका पायावर तोल सांभाळणं, दिशा बदलणं, दम धरणं, हे सगळं तिच्यात आहे, आणि साहित्य शून्य. तिसरीपासून लगोरी, आट्यापाट्या आणि साधा खो-खो. खो-खोचे नियम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात बांधले गेले. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत झालेला पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला आणि दोघांचेही कर्णधार महाराष्ट्राचे होते. हे मुलांना सांगितलं की पुढचा आठवडा मैदानावर दुसरा खेळ चालत नाही.

विटीदांडू मला स्वतःला फार प्रिय आहे, वकट-लेंड-मुंड करत मी लहानपणी दिवसच्या दिवस काढले. पण पहिली-दुसरीच्या घोळक्यात तो नको. विटी डोळ्याला लागते आणि लागली की भरून न येणारं नुकसान होतं. चौथीत, मोकळ्या जागी, बघणारी मुलं दांडूमागे लांब उभी करून खेळवा.

माझं मूल हरलं की रडतं. मुलं त्याला खेळायला घेत नाहीत. काय करावं?

आपल्या खेळांत यावर जुनी युक्ती आहे. कच्चं लिंबू. लहान भावंडाला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, पण बाद झालं तरी त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. बघून बघून ते खेळ शिकतं आणि एक दिवस स्वतःच म्हणतं, ‘मी कच्चं लिंबू नाही.’ ते वाक्य ऐकण्याची मी वाट बघते. वर्गात नवं आलेलं, लाजणारं, ऊसतोडीच्या गावाहून मधूनच दाखल झालेलं मूल पहिले आठ दिवस आमच्यात कच्चं लिंबू असतं.

रडणाऱ्याला रडू द्यावं. पाच मिनिटांत ते उठतं. आपण मध्ये पडून ‘चल, तुला अजून एक चान्स’ म्हटलं की बाकीच्यांना ते खटकतं आणि पुढच्या वेळी ते त्याला घेतच नाहीत. गट पाडताना मात्र शिक्षकानं लक्ष घालावं. दोन कप्तानांनी एकेक गडी निवडत जाण्याची पद्धत मी बंद केली आहे. शेवटी उरणारं मूल दरवेळी तेच असतं, आणि ते कोण हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. आम्ही चिंचोके उचलतो, रंगवलेला निघाला तो एका गटात, साधा निघाला तो दुसऱ्या.

ऊन, पाऊस आणि विजा यांचं काय?

उन्हाबाबत मी एकदा मोठी चूक केली आहे. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. ऑक्टोबरात दुपारी बाराला मुलांना ओढ्यापर्यंत नेलं, पाण्याच्या बाटल्या वर्गातच राहिल्या. परत येताना एक मुलगी चक्कर येऊन बसली. सावलीत नेऊन, पाणी पाजून ती सावरली, पण तिचा पांढराफटक चेहरा मी विसरलेले नाही. तेव्हापासून ऑक्टोबर हीट आणि मार्चनंतर बाहेरचं काम सकाळी दहाच्या आत. बाटली आणि टोपी असल्याशिवाय कुणी दाराबाहेर पाऊल टाकत नाही, मी धरून.

पावसाच्या सरीला आम्ही घाबरत नाही, कपडे वाळतात. विजेला घाबरतो. ढग गडगडलेले ऐकू आले की लगेच आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. झाडाखाली तर मुळीच थांबायचं नाही. मान्सूनपूर्व आणि परतीच्या पावसात जास्त जपायचं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजेची सूचना देतं, ते शिक्षकांच्या फोनमध्ये असावं.

मातीत खेळून मूल आजारी पडत नाही का?

हात न धुता खाल्लं तर पडतं. म्हणून साबण आणि नळ आधी, बागकाम नंतर. नखं दर सोमवारी. शाळेत वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी मिळते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पाचव्या वर्षीचं डीपीटीचं बूस्टर आणि १० व्या वर्षीचं टीडीचं इंजेक्शन झालंय ना, हे कार्डावर बघून घ्या. खरचटणं होणारच. आमच्याकडे प्रथमोपचार पेटी मैदानाच्या दाराशी टांगलेली असते. पूर्वी ती कार्यालयात कुलुपात होती, तिथे तिचा काय उपयोग?

साप, विंचू, विषारी झाडं? याचीच भीती वाटते.

भीती योग्य आहे, म्हणून ओळख करून द्यायची. आठवड्यातून एकदा मी मुलांच्या आधी परिसर फिरून येते. दगडांच्या राशी, पालापाचोळा, जुन्या विटा हलवून घेतलेल्या असतात. बिळात हात घालायचा नाही, दगड उचलायचा तर आपल्याकडे उघडेल असा उचलायचा नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांची चित्रं वर्गात लावली आहेत. साप दिसला तर दगड मारायचा नाही, लांबून मोठ्यांना हाक मारायची. दंश झालाच तर चिरा देणं, चोखणं, घट्ट आवळपट्टी बांधणं यातलं काहीही करू नका. मुलाला चालवू नका, तो हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करून प्रतिविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयात थेट न्या.

सापापेक्षा जास्त वेळा त्रास होतो तो बियांनी. चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड, शेताच्या आणि शाळेच्या कुंपणाला सर्रास लावलेली असते. तिची बी फोडली की शेंगदाण्यासारखी लागते. मुलं वाटून खातात आणि थोड्या वेळात एकदम दहा-बारा जणांना उलट्या-जुलाब सुरू होतात. अशा बातम्या आपल्याकडे येतच असतात. कुंपण बदलता आलं तर बदला, नाहीतर पहिल्याच आठवड्यात ती बी हातात घेऊन दाखवा. गुंज, कण्हेर, धोतरा, एरंड यांच्याही बिया अशाच दाखवा. रुईचा चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. खाजकुयलीच्या शेंगा हिवाळ्यात वाळतात, तेव्हा त्या बांधाकडे जायचंच नाही. आमचा एकच साधा नियम आहे: बाईंनी आधी खाल्ल्याशिवाय रानातलं काही तोंडात घालायचं नाही.

एक शिक्षक आणि ४० मुलं, कसं जमवायचं?

पहिले पंधरा दिवस फक्त बाहेर जाऊन परत येण्याचा सराव करा, बाकी काही शिकवू नका. हात वर केला की सगळ्यांनी थांबायचं. प्रत्येकाचा एक क्रमांक, मी ‘एक’ म्हटलं की साखळीनं ४० पर्यंत आकडे आले पाहिजेत. मध्ये खंड पडला की कोण नाही ते तिथल्या तिथे कळतं. जोड्या ठरलेल्या, एक जरा समजूतदार आणि एक वारं प्यायलेलं. काम एकच द्या आणि पाच मिनिटांत संपणारं: ‘तीन वेगवेगळ्या कडांची पानं आणा, झाडावरची तोडायची नाहीत.’ दोनशिक्षकी शाळेत पहिली आणि तिसरी एकत्र नेता येतात, मोठी मुलं लहानांना सांभाळतात, आणि समजावून सांगता सांगता त्यांचंही पक्कं होतं.

दिव्यांग मुलाला यात घेता येतं का?

घेतलंच पाहिजे. पायानं अधू असलेल्या मुलाला गुण लिहायला बसवून ठेवणं ही सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट सोय आहे. आमच्याकडे एक मुलगा कुबडीवर होता. लगोरीत चेंडू तोच मारायचा, त्याचा नेम भलताच पक्का. पळायचं काम त्याच्या जोडीदाराचं. कमी दिसणाऱ्या मुलीसाठी आम्ही डोळे मिटून झाडांच्या साली ओळखायचा खेळ काढला. त्यात बाकीची सगळी तिच्या मागे होती.

सहलीला कुठे न्यावं?

एवढं सगळं सांगून झाल्यावरही सहल काढाच. फक्त रिसॉर्ट आणि वॉटर पार्क नको. एका वर्षी आम्ही गेलो, मुलांचे पैसे गेले, चार तास प्रवासात गेले, आणि दुसऱ्या दिवशी विचारल्यावर मुलांना आइस्क्रीम तेवढं आठवत होतं. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास असतो, पुण्या-नगरकडच्या शाळांना शिवनेरी सोयीचा. पायऱ्यांची वाट आहे, सात दरवाजे एकामागून एक लागतात. प्रत्येक दरवाजापाशी थांबून ‘तुम्ही शत्रू असता तर इथून कसे आला असता?’ विचारा. गडांवर आग्या मोहोळं असतात: अत्तर लावू नका, ओरडू नका, धूर करू नका. कोकणातल्या शाळांनी ओहोटीच्या वेळेला खडकाळ किनाऱ्यावर जावं. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, ती स्थानिक कोळी बांधवांना विचारूनच निघा. पोस्ट, कुंभाराचा आवा, गूळ करणारं गुऱ्हाळ, यांनाही मी सहलच म्हणते. गुऱ्हाळाला चालत जाता येतं आणि काकवी मिळते.

घरी आम्ही काय करू शकतो? आमच्याकडे वेळ नसतो.

दिवाळीचा किल्ला मुलांना स्वतः करू द्या. आजकाल प्लास्टरचे तयार किल्ले विकत मिळतात, ते आणू नका. दगड, विटा, पोतं, चिखल, आणि चार दिवस घाणेरडे कपडे. बुरूज का ढासळला, पाणी कुठून वाहून गेलं, तटबंदी उतारावर कशी उभी राहते, हे हातांना कळतं. वर अळीव पेरा, दोन-तीन दिवसांत हिरवळ येते, पाणी मुलानंच घालायचं. बाकीचं वर्ष रविवारी सकाळी भाजी आणायला सोबत न्या आणि मेथी, शेपू, चाकवत वासावरून ओळखायला लावा. आजी-आजोबा असतील तर त्यांचे खेळ त्यांना विचारू द्या. माझ्या वर्गातल्या एका मुलाला त्याच्या आजीनं सागरगोट्यांचे सगळे हात शिकवले. आता तो मुलींच्या गटात कप्तान आहे.

उद्याच सुरू करायचं तर पहिल्या दिवशी काय करू?

सकाळची वेळ निवडा. प्रत्येक जोडीला हातभर सुतळीची एक गाठ मारलेली कडी द्या. ती जमिनीवर कुठेही गोल ठेवायची आणि दहा मिनिटं त्या गोलात काय काय आहे ते बघायचं. उचलायचं नाही, मोजायचं. मुंग्या, कुजलेलं पान, काचेचा तुकडा, कोंब, गांडुळाच्या मातीच्या गोळ्या, गोगलगायीचा शंख. तुम्हीही एक गोल घेऊन मुलांसोबत उकिडवं बसा. मग वर्गात या, हात धुवा, आणि प्रत्येक जोडीनं आपल्या गोलातली एकच गोष्ट सांगायची. शब्द तुम्ही फळ्यावर लिहा, मुलांनी सांगितले तसे, गावचा शब्द असेल तर गावचाच. सुतळ्या फेकू नका, खिळ्याला अडकवून ठेवा, परवा लागतील. गोल ठेवला तिथे खडूनं किंवा दगडानं खूण करायला सांगा, म्हणजे परवा त्याच जागी बसता येईल.